जड कॅमेरा घेऊन दिवसभर चालताना वजन टेकवायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: फुल-फ्रेम कॅमेरा आणि ७०-२०० मिलिमीटर एफ/२.८ झूम लेन्स घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालायचं आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेला पट्टा गळ्यात अडकवला की दोन तासांत मान आखडते. रुंद, मऊ पट्टा घेऊनही फरक पडला नाही. कॅमेरा सॅकच्या आत ठेवला तर फोटो हुकतात. मग तो न्यायचा कसा?

उत्तर आधीच सांगून टाकते. पाठीवर सॅक असणार असेल तर कॅमेरा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर क्लिपने अडकवा आणि सॅकचा कंबरपट्टा नीट आवळा. सॅक नसेल तर एका खांद्यावरून तिरका जाणारा स्लिंग घ्या, आणि तो कॅमेऱ्याच्या तळाला न जोडता लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला, म्हणजे लांब लेन्सभोवती बसणाऱ्या, खाली पाय असलेल्या कड्याला जोडा. गळ्यातला पट्टा लांब चालीसाठी सोडूनच द्या, मग तो कितीही महागाचा असो. याची कारणं समजून घेतलीत तर तुमच्या अंगाला काय मानवेल हे तुम्हालाच ठरवता येईल, कारण प्रत्येकाची उंची, खांद्यांचा उतार आणि चालण्याची ढब वेगळी असते.

आधी वजन किती ते पाहू. निकॉन डी८५० बॅटरी आणि कार्डासह १००५ ग्रॅम भरतो. त्याच कंपनीची ७०-२०० एफ/२.८ई लेन्स १४३० ग्रॅमची आहे. हूड, फिल्टर आणि प्लेट धरून अडीच किलो झाले. पाठीवरच्या सॅकमध्ये अडीच किलो आहेत की नाहीत हे तासाभराने जाणवतही नाही. तेच अडीच किलो गळ्यात मात्र नको होतात. म्हणून मी कुणालाही पट्टा सुचवण्याआधी दोनच गोष्टी विचारते: वजन शेवटी कुठल्या हाडावर टेकतंय? आणि चालताना ते हलतंय का?

गळ्यातल्या पट्ट्याला या दोन्ही कसोट्यांवर गुण मिळत नाहीत. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं आणि मानेचे स्नायू ते दिवसभर सांभाळतच असतात. त्यात पट्टा मानेच्या मागच्या बाजूला टेकतो आणि कॅमेरा पोटासमोर लोंबतो. लांब लेन्स लावली की कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य शरीरापासून आणखी पुढे सरकतो. मग मान पुढे ओढली जाते, ती सरळ ठेवण्यासाठी मागचे स्नायू सतत ताणलेले राहतात, खांदे नकळत वर चढतात. रुंद पट्ट्याने कातडीवरचा दाब पसरतो, काचणं थांबतं, पण ओढ तेवढीच राहते. तुम्हाला फरक पडला नाही तो यामुळेच. निओप्रीनचे ताणले जाणारे पट्टे तर अडीच किलोला मला अजिबात पटत नाहीत. ते बसणारा हिसका थोडा सौम्य करतात हे खरं, पण कॅमेरा प्रत्येक पावलाला वरखाली उसळायला लागतो, आणि ती उसळी थोपवायला एक हात कायम कॅमेऱ्यावर जातो. सहाशे-सातशे ग्रॅमचा कॅमेरा आणि छोटी लेन्स असेल तर ते चालून जातं.

आता स्लिंगकडे वळू, कारण बहुतेक लोक गळ्यातल्या पट्ट्यानंतर तिकडेच जातात. डाव्या खांद्यावरून पट्टा तिरका उजव्या कमरेकडे येतो, कॅमेरा तिथे उलटा लटकतो, हात खाली सोडला की थेट त्यावर पडतो. मान मोकळी होते, आणि एवढ्यानेच अनेकांचं निम्मं दुखणं संपतं. पण स्लिंगचं सुख पूर्णपणे तो कसा जुळवलाय यावर अवलंबून असतं, आणि लोक नेमकं तेच घाईत उरकतात.

पट्टा खूप लांब सोडलेला असतो ही नेहमीची अडचण. कॅमेरा मांडीपाशी आला की प्रत्येक पावलाला तो मांडीवर आपटतो आणि झोका घेतो. झोका घेणारं वजन खांद्याला स्थिर वजनापेक्षा फार लवकर दमवतं, कारण स्नायूंना विसावाच मिळत नाही. पट्टा इतका आखूड करा की कॅमेरा कंबरेच्या हाडाच्या किंचित वर आणि थोडा मागच्या बाजूला बसेल, म्हणजे चालताना तो शरीराला टेकून राहील आणि पुढे आलेल्या मांडीच्या वाटेत येणार नाही. बगलेखालून जाणारा छोटा जोडपट्टा बरोबर आला असेल तर तो काढून ठेवू नका. खांद्यावरची गादी मागे सरकण्यापासून तोच रोखतो. ती गादी मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध हवी. मानेला चिकटली तर पुन्हा मानच दुखेल, टोकाकडे गेली तर घसरत राहील.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या मधून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा जातो. अरुंद पट्टा त्या जागी तासन्‌तास दाबून राहिला तर बोटांना मुंग्या येतात, हात बधिर वाटतो. जड सॅक वाहणाऱ्यांमध्ये हा त्रास वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. मुंग्या आल्या की 'थोडं पुढे जाऊन बघू' म्हणू नका. तिथेच थांबा, वजन उतरवा, बाजू बदला. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला किंवा हात वर उचलताना जोर कमी वाटला तर डॉक्टरांना दाखवा. खांदा ही खुंटी नाही, आणि स्लिंगमध्ये एकाच खांद्यावर सगळा भार असतो. म्हणून तासाभराने खांदा बदलण्याची सवय दुखण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून लावून घ्या. काही स्लिंग डाव्या किंवा उजव्या अशा एकाच खांद्यासाठी शिवलेले असतात. घेताना ते बघा, मी तरी दोन्ही खांद्यांवर चालणाराच घेईन.

बायकांसाठी आणखी दोन गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. स्लिंगची गादी ब्राच्या पट्टीवर, विशेषतः त्या पट्टीच्या कडीवर आली की संध्याकाळपर्यंत तिथे लाल वळ उठतो. पट्टी जराशी आत किंवा बाहेर सरकवा, किंवा लांब चालीच्या दिवशी कडी मागे असलेली ब्रा घाला. सॅकचे पट्टे सरळ असण्याऐवजी इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळणदार असतील तर छातीवर दाब येत नाही, आणि पुढे सांगितलेली क्लिपही त्यावर योग्य उंचीवर बसते.

स्लिंग आणि सॅक एकत्र वापरायची वेळ आली तर अडचण वाढते. आधी स्लिंग आणि वरून सॅक घातली तर स्लिंगची गादी दाबली जाऊन जागेवर राहते खरी, पण एकाच खांद्यावर दोन पट्टे एकावर एक बसतात आणि कॅमेरा पूर्ण काढायचा तर आधी सॅक उतरवावी लागते. उलट क्रमाने घातलं तर स्लिंग सॅकच्या पट्ट्यावरून घसरतो. सॅक नक्की असणार असेल तर या भानगडीत न पडलेलं बरं.

त्यासाठीच क्लिप. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला दोन बाजूंनी घट्ट आवळली जाणारी धातूची पकड, आणि कॅमेऱ्याच्या किंवा लेन्स कॉलरच्या तळाला स्क्रूने बसवलेली चौकोनी प्लेट. प्लेट पकडीत सरकवली की खट्ट आवाज होऊन ती अडकते. बटण दाबलं की एका हाताने कॅमेरा सुटतो. पीक डिझाइनची कॅप्चर ही यातली सगळ्यांना माहीत असलेली, पण तशा पद्धतीच्या इतर कंपन्यांच्याही मिळतात. मला ही पद्धत सगळ्यात जास्त पटते, कारण कॅमेरा छातीशी बांधल्यासारखा राहतो. लोंबत नाही, झोका घेत नाही, हात दोन्ही मोकळे. शिवाय पाठीवरच्या ओझ्याला पुढे थोडा तोल मिळतो.

पण क्लिपच्या सुखाची अर्धी जबाबदारी सॅककडे असते. पातळ पट्ट्यांच्या, कंबरपट्टा नसलेल्या छोट्या सॅकवर अडीच किलो अडकवलेत तर पट्टा वाकतो, कॅमेरा खाली झुकतो आणि सगळी सॅक एका बाजूला ओढली जाते. पाठीला आधार देणारी चौकट किंवा कडक पत्रा, गादीचे पट्टे आणि खरा, आवळता येणारा कंबरपट्टा असलेली सॅक हवी. मागे निदान तीन-चार किलो सामान असलं तर तोल छान बसतो. काही सॅकचे पट्टे मात्र इतके जाड असतात की क्लिप त्यावर बंदच होत नाही. विकत घेण्याआधी लावून बघा.

सॅक घालण्याचा क्रमही महत्त्वाचा. सगळे पट्टे सैल करा. कंबरपट्ट्याची गादी दोन्ही बाजूंना कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर येईल अशी सॅक बसवा. पोटावर नको आणि त्या हाडाच्या खालीही नको. बकल लावून घट्ट आवळा. मग खांद्याचे पट्टे फक्त सॅक पाठीला टेकेपर्यंत ओढा. खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे असतील तर ते थोडे ताणा, त्यामुळे सॅकचा वरचा भाग पाठीजवळ येतो. शेवटी छातीचा आडवा पट्टा लावा. क्लिपवर कॅमेरा असताना हा आडवा पट्टा न लावणं चालणारच नाही, कारण कॅमेऱ्याच्या वजनाने तो खांद्याचा पट्टा बाहेर बगलेकडे ओढला जातो. सगळं नीट जमलं की खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकतात. तसं झालं म्हणजे ओझ्याचा मोठा वाटा कंबरेवर उतरला असं समजा. कंबरेचं हाड आणि त्याखालचे पाय हे शरीरातले सगळ्यात भक्कम भाग आहेत. त्यांना काम द्या आणि मानेला सुटी.

क्लिप कितपत उंचीवर लावायची? कॉलरबोनच्या खाली एक वीतभर. फार वर लावली तर मान वळवताना कॅमेरा हनुवटीला लागतो, फार खाली गेली तर चढावर वर येणारा गुडघा लेन्सला धडकतो. लेन्सचं तोंड खाली. ७०-२०० तशी लांबच, त्यामुळे उभ्या चढावर गुडघा आणि लेन्स यांची भेट कधीतरी होतेच. तिथे लेन्स किंचित बाहेरच्या बाजूला वळवून लावा किंवा तो टप्पा संपेपर्यंत कॅमेरा सरळ सॅकमध्ये टाका. दुसऱ्या खांद्याच्या पट्ट्यावर पाण्याची बाटली अडकवली तर दोन्ही बाजू सारख्या होतात.

कमरेच्या पट्ट्यावर कॅमेरा अडकवायचे होल्स्टरही मिळतात. वजन थेट कंबरेवर जातं, खांदे पूर्ण मोकळे राहतात. सपाट रस्त्यावर, मध्यम लेन्स असेल तर उत्तम. पण लांब लेन्स मांडीवर आपटते, अरुंद वाटेवर कॅमेरा भिंतीला किंवा झाडाला घासतो, खाली बसताना तो आधी जमिनीला लागतो. पट्टाही कडक हवा. साध्या कपड्यांच्या बेल्टवर हे करू नका.

छातीवरच्या हार्नेसबद्दल माझं मत दोन टोकांचं आहे. दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर भार वाटला जातो, कॅमेरा जागचा हलत नाही, पळत गेलात तरी चालतं. पण छातीवर मोठी लेन्स आली की आपलेच पाय दिसत नाहीत. उतारावर, दगडांवर, पायऱ्यांवर ही धोक्याची गोष्ट आहे, आणि लांब चालीत माणूस दमलेला असतो तो नेमका उतरतानाच. सपाट प्रदेशात पक्षी शोधत हिंडणाऱ्यांना मात्र मी हार्नेस आवर्जून सुचवते. दीड किलोपर्यंतचा संच असेल तर बायनॉक्युलरसाठी मिळतो तो पाठीवर फुली होणारा साधा हार्नेसही पुरतो. तो कॅमेऱ्याच्या दोन्ही कड्यांना जोडायचा. वजन समोरच राहतं, पण मानेवरून उठून दोन्ही खांद्यांवर जातं.

हातात धरून नेणं लोक कमी लेखतात. फोटोची शक्यता दाट असलेल्या टप्प्यात कॅमेरा हातातच हवा. त्यासाठी मुठीला आधार देणारा हँड स्ट्रॅप लावा, म्हणजे बोटं आवळून धरावी लागत नाहीत. लांब लेन्स असेल तर कॉलरचा पाय हँडलसारखा धरा, बॉडी धरून नेऊ नका.

तोच नियम सगळीकडे लागू आहे. लेन्स बॉडीपेक्षा जड असेल तर संच लेन्सच्या कॉलरवरूनच लटकवायचा. बॉडीच्या तळाला किंवा बॉडीच्या कड्यांना जोडलं की लेन्सचं सगळं वजन दोघांना जोडणाऱ्या माउंटवर ताण देतं. शिवाय तोल पुढे जातो आणि लेन्स शरीरापासून लांब उभी राहते. कॉलरवर लटकवलं की संच अंगाला चिकटून राहतो, म्हणजे यात लेन्सचंही भलं आणि पाठीचंही. छोटी लेन्स असेल तर पट्ट्याचं एक टोक बॉडीच्या डाव्या कडीला आणि दुसरं तळाच्या प्लेटला जोडा. लेन्सचं तोंड खाली वळतं आणि कॅमेरा कमरेशी चपटा बसतो.

आता सुरक्षितता, आणि इथे मी जरा कडक आहे. ट्रायपॉडसाठीचा पाव इंची स्क्रू हा स्थिर वापरासाठी बनलेला आहे. चालण्याच्या धक्क्यांनी तो हळूहळू सैल होतो, आणि तो सैल होताना काहीच कळत नाही. रबराची चकती मध्ये असेल असा जोड घ्या, प्लेट किल्लीने घट्ट करा, सकाळी निघताना आणि प्रत्येक विश्रांतीला बोटाने हलवून बघा. कॉलरचीही तीच गोष्ट. अनेक कॉलर पेचकळ सैल केली की उघडतात, काहींचा पाय खटका दाबला की सुटतो. पट्ट्याशी घासून ती पेचकळ फिरू शकते. म्हणून दुसरा आधार हवाच: बॉडीच्या कडीपासून स्लिंगच्या किंवा सॅकच्या पट्ट्यापर्यंत एक बारीक, मजबूत दोरी. मुख्य जोड निसटला तरी कॅमेरा जमिनीपर्यंत पोहोचता कामा नये. झटपट सुटणाऱ्या दोरीच्या जोडांमध्ये आतला वेगळ्या रंगाचा धागा दिसू लागला तर तो जोड झिजलाय, त्याच दिवशी बदला. आणि साध्या पट्ट्याचं टोक बकलमधून ओवताना आतल्या बाजूने परत घ्या, ताण आला की ते आपोआप आवळतं.

काही बारीक गोष्टी. चालताना कॅमेरा मुख्य बटणाने बंद ठेवा. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरजवळचा सेन्सर अंगाला टेकला की त्याला डोळा आल्यासारखं वाटतं, स्क्रीन चालू राहते आणि बॅटरी संपते. झूम करताना लांबी वाढणाऱ्या लेन्सला कुलूप असेल तर लावा, नाहीतर खाली तोंड करून लटकताना ती आपोआप बाहेर येते. हूड सरळ लावून ठेवा, उलटा नको, धक्के तोच झेलतो. छातीवर कॅमेरा असेल तर घामाची वाफ मागच्या स्क्रीनवर बसते, तेव्हा मधे पातळ रुमाल ठेवा. पाऊस किंवा धूळ असेल तर क्लिप विसरा आणि वरून उघडणारी छोटी पाउच सॅकच्या पुढच्या कड्यांना अडकवा. जरा वेळ जास्त लागतो, पण कॅमेरा कोरडा राहतो.

आणि कॅमेरा सॅकच्या आत ठेवणं ही हार नव्हे. दाट झाडीतून, अंधारात, नुसतं अंतर कापताना तासभर फोटो निघणारच नाही हे माहीत असतं. तेव्हा तो आत, पाठीला लागून, दोन खांद्यांच्या मधल्या उंचीवर ठेवा. तळाशी नको आणि बाहेरच्या कप्प्यातही नको. दिवसभरात जागा बदलत राहणं हेच मला सगळ्यात उपयोगी पडलेलं आहे: सकाळी उजेड चांगला असताना हातात किंवा क्लिपवर, दुपारी सॅकमध्ये, संध्याकाळी पुन्हा क्लिपवर.

काहीही विकत घेतलंत तरी आधी घरी तासभर घालून वावरा. जिने चढा-उतरा, बुटाची नाडी बांधा, खाली बसून उठा, पाणी प्या, आणि प्रत्येक वेळी दोन्ही हात मोकळे राहतात का ते बघा. नाडी बांधताना कॅमेरा पुढे येऊन जमिनीला लागला तर पट्टा अजून लांब आहे.

एवढं सगळं जुळवूनही संध्याकाळी दुखत असेल तर मग वजनाला हात घाला. त्याच निकॉनची ७०-२०० एफ/४ लेन्स ८५० ग्रॅमची आहे, म्हणजे एका झटक्यात ५८० ग्रॅम कमी. दिवसाउजेडी चालत काढलेल्या फोटोंना तो एक स्टॉप, म्हणजे लेन्समधून निम्माच उजेड येणं, फारसा आडवा येत नाही. बॉडीला जादा बॅटरी ग्रिप लावली असेल तर तीही काढून सॅकमधून एक सुटी बॅटरी न्या. पण हे सगळ्यात शेवटी, कारण मानेवर टांगलेले दोन किलोसुद्धा दोन तासांत दुखवतीलच.